आंबट पावसाला धुळीचा उतारा

अहिराणीत 'ळ' टिकत नाही, त्याचा 'य' होतो. म्हणून आमच्याकडची जुनी माणसं धुळ्याला 'धुये' म्हणतात. नावाचा उगम काहीही असो, जिल्ह्याला ते शोभून दिसतं. आखाजीच्या दिवसांत दोंडाईचा ते धुळे प्रवास एसटीची खिडकी उघडी ठेवून करून बघा. उतरल्यावर रुमाल चेहऱ्यावर फिरवला, की तो रुमाल बघूनच कळतं आपण कुठल्या जिल्ह्यात आहोत. नांगरून पडलेली रानं, वावटळी, पायाखाली फुफाटा. या धुळीबद्दल चांगलं बोलताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही.

या लेखात मी थोडं चांगलं बोलणार आहे. पण त्यासाठी आधी मँचेस्टरला जावं लागेल, मग मुंबईला, मग पुण्याला.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, हवेचा शास्त्रज्ञ नाही. नोकरीसाठी मोठ्या शहरात आल्यावर फोनवर एक्यूआय बघायची सवय लागली. सवयीने मी 'दोंडाईचा' टाकूनही बघतो. ॲप एक आकडा दाखवतं. तो आकडा गावात बसवलेल्या यंत्राचा नसतो. उपग्रहाची चित्रं आणि हवामानाची गणितं यांतून काढलेला तो अंदाज असतो. आकडे कुठून येतात हे शोधणं माझ्या धंद्यातलंच काम, म्हणून मी मागे मागे जात राहिलो. हवेचं रसायन पहिल्यांदा कुणी मोजलं, का मोजलं, आणि आपल्या हवेत त्यांना काय वेगळं सापडलं, हे वाचत गेलो. त्या वाचनात मला आपली धूळ भेटली.

मँचेस्टरचा पाऊस

रॉबर्ट अँगस स्मिथ हा स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ मँचेस्टरमध्ये काम करायचा. मँचेस्टर म्हणजे त्या काळची जगाची कापडगिरणी. शेकडो धुराडी, खाली दगडी कोळसा, वर काळं आभाळ. बाकी लोक धुराकडे बघत होते, स्मिथने पावसाचं पाणी बाटलीत धरलं. १८५२ मध्ये त्याने मांडलेलं निरीक्षण साधं होतं. शहरापासून लांब शेतांमध्ये पडणाऱ्या पावसात अमोनियम कार्बोनेट सापडतं. शहराच्या कडेला अमोनियम सल्फेट सापडतं. आणि ऐन शहरात सल्फ्युरिक आम्ल.

म्हणजे एकाच आभाळाखाली तीन पाऊस. कोळशातला गंधक जळून वायू होतो, हवेत त्याचं आम्ल बनतं. शेताकडून येणारा अमोनिया त्या आम्लाला मारतो. शहरात आम्ल इतकं असतं, की अमोनिया पुरा पडत नाही. पावसाचा आंबटपणा किती धूर सुटला एवढ्यावर ठरत नाही. हवेत त्याला उतारा किती आहे, यावरही ठरतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१८७२ मध्ये स्मिथचं हवा आणि पाऊस या विषयावरचं जाडजूड पुस्तक आलं. 'ॲसिड रेन' हा शब्द रूढ करण्याचं श्रेय त्यालाच दिलं जातं.

स्मिथची आणखी एक ओळख आहे. त्या काळी धुण्याचा सोडा बनवणारे कारखाने हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सरळ हवेत सोडायचे. आजूबाजूची झाडं जळायची, पिकं करपायची. १८६३ मध्ये ब्रिटिश संसदेने 'अल्कली ॲक्ट' केला आणि ही वाफ ९५ टक्के तरी अडवलीच पाहिजे असं बंधन घातलं. त्या कायद्याखालचा पहिला निरीक्षक होता स्मिथ. हायड्रोक्लोरिक आम्लही ध्यानात ठेवा. दीडशे वर्षांनी ते आपल्याकडे परत येणार आहे.

खानदेशचा कापूस, मुंबईचा धूर

मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मुख्यतः अमेरिकेतून जायचा. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि भाव मुंबईकडे धावला. खानदेश आणि वऱ्हाडची काळी जमीन एकाएकी जगाच्या बाजारात आली. रेल्वे भुसावळला पोचली, जळगावला सरकी काढण्याचे आणि गठाणी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. एकोणिसावं शतक संपता संपता सुरतेकडून तापी खोऱ्यातून रूळ आले. दोंडाईचाचं स्टेशन याच मार्गावरचं.

कापूस आपला, धूर मात्र दुसरीकडे. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा हा भाग धुराड्यांनी भरून गेला. इंग्रज सरकारलाही त्याचा जाच होऊ लागला, आणि १९१२ मध्ये 'बॉम्बे स्मोक न्यूसन्सेस ॲक्ट' आला. या कायद्याची नजर डोळ्यांना दिसणाऱ्या धुरावर होती. भट्टीतून बाहेर पडणारा न दिसणारा गंधकवायू त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. त्यामागचा विचार साधा होता, काळं दिसतं ते वाईट.

स्वातंत्र्यानंतर मुंबईचा धूर चेंबूर-तुर्भ्याकडे सरकला. तेलशुद्धीकरण, खत, वीज, रसायनं असे सगळे कारखाने एका पट्ट्यात आले. सत्तरच्या दशकात तिथे आम्लयुक्त पावसाच्या नोंदी झाल्या. त्याच सुमारास युरोप आणि अमेरिकेत आम्लवर्षेने खळबळ माजली होती. स्वीडनमधल्या तळ्यांत मासे उरले नव्हते. अमेरिकेत जीन लायकन्स आणि त्यांचे सहकारी न्यू हॅम्पशरच्या जंगलात वर्षानुवर्षं पाऊस मोजून सांगत होते, की हे पाणी नैसर्गिक पावसापेक्षा कितीतरी आंबट आहे.

आता भारताचं काय होणार, हा प्रश्न साहजिक होता. आपण तर नुकतेच कुठे कोळसा जोरात जाळायला लागलो होतो.

पुण्यातल्या बाटल्या

उत्तर शोधणाऱ्यांमध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतला एक गट होता. ही संस्था १९६२ मध्ये सुरू झाली, लोक तिला आयआयटीएम म्हणून ओळखतात. एल. टी. खेमाणी आणि त्यांचे सहकारी जी. ए. मोमीन, एम. एस. नाईक, ए. एस. रामचंद्र मूर्ती आणि इतर काही जण पावसाचं पाणी, ढगातलं पाणी आणि हवेतले कण गोळा करून त्यांचं रसायन तपासत होते. ढगात जाऊन पाणी आणायचं म्हणजे विमान लागतं. हे काम ग्लॅमरचं नव्हतं. बाटल्या धुवायच्या, पावसाची वाट बघायची, नमुना आणायचा, त्यातलं कॅल्शियम, सल्फेट, नायट्रेट, अमोनियम मोजायचं, वहीत लिहायचं. पुढच्या पावसाला पुन्हा तेच.

त्यांना काय सापडलं हे समजायला एक आकडा हवा. पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे पीएचवरून कळतं. ७ म्हणजे तटस्थ. पण स्वच्छातल्या स्वच्छ पावसाचाही पीएच ७ नसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून तो ५.६ च्या आसपास येतो. त्याच्या खाली गेला की आम्लवर्षा. ही पट्टी सरळ नाही, एक अंक खाली म्हणजे आम्ल दहापट.

पश्चिमेच्या अनुभवावरून भारतातल्या पावसाचा पीएच उतरायला हवा होता. खेमाणींच्या गटाने १९८५ आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांत चित्र उलटं होतं. चेंबूरसारखे अपवाद सोडले, तर आपला पाऊस बहुतेक ठिकाणी अल्कधर्मीच होता. गंधकवायू हवेत होता, सल्फेट पाण्यात सापडत होतं, पण आम्ल मारलं गेलं होतं. मारणारं कोण? जमिनीतून उडालेली धूळ.

हे कसं होतं बघा. आपल्या काळ्या कपाशीच्या जमिनीत चुनखडीचे खडे असतात. वखरताना ते पांढुरके खडे वर येतात, शेतकऱ्याच्या ओळखीचे असतात. पूर्वी लोक हेच खडे भाजून बांधकामाचा चुना करायचे. त्यात असतं कॅल्शियम कार्बोनेट. उन्हाळ्यात जमीन भुसभुशीत होते, वारं तिची बारीक भुकटी वर नेतं, ती ढगाच्या थेंबात शिरते. तिथे सल्फ्युरिक आम्ल असलं, तर कॅल्शियम कार्बोनेट त्याला पकडतं. आम्ल जाऊन कॅल्शियम सल्फेट उरतं, म्हणजे साधारण जिप्समच. पोटात आम्लपित्त झालं की आपण जी गोळी चघळतो, त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत हेच कॅल्शियम कार्बोनेट असतं. आपलं आभाळ रोज अशी गोळी घेत होतं आणि आपल्याला खबर नव्हती.

मला या गोष्टीचा वर्तुळाकार हिशेब आवडतो. काळ्या मातीने कापूस दिला. कापसाने गिरण्या चालवल्या. गिरण्यांनी कोळसा जाळून आभाळात आम्ल सोडलं. आणि त्याच जातीच्या मातीची धूळ वर जाऊन आम्लाला उतारा देत राहिली. हे उपकार फुकटचे होते, म्हणून कुठल्याच ताळेबंदात आले नाहीत.

राख अडवली, गंधक सुटला

इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण तिकडे अमेरिकेत आणि युरोपात दुसरीच गोष्ट घडली होती.

तिथे दिसणाऱ्या धुराविरुद्ध मोहिमा झाल्या. वीज केंद्रांच्या धुराड्यांत राख पकडणारी यंत्रं बसली, धुराडी उंच झाली, कच्चे रस्ते पक्के झाले. आभाळ निवळलं. मग गंधकावरही बंधनं आली आणि तो कमी होऊ लागला. साहजिकच पावसाचा आंबटपणा तितकाच उतरायला हवा होता. तो तितका उतरेना. १९९४ मध्ये लार्स हेडिन, लायकन्स आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' मध्ये कारण दाखवलं. गंधकाबरोबर हवेतले कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे अल्कधर्मी कणही झपाट्याने घटले होते. म्हणजे रोग कमी झाला, पण औषधही कमी झालं.

आपल्याकडे अशी चाहूल लागली आहे का? भारतीय हवामान खात्याने सत्तरच्या दशकापासून पावसाचं रसायन मोजणारी केंद्रं उभारली. ती दहा आहेत. महाराष्ट्रात पुणे आणि नागपूर. बाकी जोधपूर, श्रीनगर, प्रयागराज, विशाखापट्टणम, आसामातलं मोहनबारी, कोडाईकनाल, मिनिकॉय, पोर्ट ब्लेअर. हवामान खातं आणि आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी १९८७ ते २०२१ या काळातल्या या केंद्रांच्या नोंदी तपासल्या. बऱ्याच ठिकाणी पीएच हळूहळू खाली येतो आहे. विशाखापट्टणम, प्रयागराज आणि मोहनबारी इथे ते ठळक दिसतं. जोधपूरला थारची धूळ अजून हात देते.

म्हणजे उतारा संपलेला नाही, पण आम्ल वाढत चाललं की तो अपुरा पडतो. मँचेस्टरच्या अमोनियाचं हेच झालं होतं.

तराजू आणि ठसका

आता कुणी म्हणेल, मग धूळ चांगलीच, उडू द्या. तसं नाही. बारीक धूळ छातीत जाते, दमेकऱ्याला रात्रभर झोपू देत नाही. खडी क्रशरच्या आसपास राहणाऱ्याला तिचे गुण सांगायला गेलात तर तो चप्पल काढेल, आणि बरोबर करेल. मला म्हणायचंय ते वेगळं आहे. हवेत किती ग्रॅम आहे, एवढंच विचारून भागत नाही. काय आहे, हेही विचारावं लागतं.

दोंडाईचाच्या माणसाला हे समजवायला रसायन लागत नाही. आमच्याकडे मिरचीचा बाजार आहे. एक चिमूट ज्वारीचं पीठ आणि एक चिमूट मिरचीपूड तराजूत घाला, काटा सारखाच राहील. आता दोन्ही चिमटी हवेत उडवा. तराजूला फरक कळत नाही, नाकाला लगेच कळतो.

आपला एक्यूआय बराचसा तराजूसारखा आहे. २०१५ पासून देशभर वापरात आलेल्या या निर्देशांकात आठ प्रदूषकं धरलेली आहेत. प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा 'आजचा एक्यूआय' म्हणून जाहीर करतात. कोड लिहिणाऱ्यांच्या भाषेत, आठ संख्यांवर लावलेलं 'मॅक्स' फंक्शन. पीएम १० आणि पीएम २.५ हे त्यातले कणांचे आकडे. दोन्ही वजनच सांगतात, कण कशाचा आहे ते सांगत नाहीत. त्यामुळे एप्रिलच्या वावटळीच्या दुपारी आणि डिसेंबरात कचरा पेटवलेल्या संध्याकाळी फोनवर एकच आकडा, एकच रंग दिसू शकतो. छातीत गेलेला माल मात्र वेगळा.

आकडा जसा, तसं काम होतं. आमच्या क्षेत्रात याचा रोज अनुभव येतो. टीमला सांगा की बंद केलेली तिकिटं मोजणार आहोत, तिकिटं भराभर बंद होतात, बग तिथेच राहतात. जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. खानदेशातून त्यात जळगाव आहे. शहरांची प्रगती मोजायला मुख्यतः पीएम १० हा आकडा धरला गेला. पीएम १० कमी करायचा सोपा मार्ग कोणता? रस्ते करा, खड्डे बुजवा, झाडायच्या गाड्या आणा, पाणी फवारा. 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेने २०२४ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा या कार्यक्रमातला सुमारे ६४ टक्के खर्च धुळीवरच झालेला निघाला. उद्योगांच्या प्रदूषणावर एक टक्कासुद्धा नाही.

१९१२ च्या कायद्याने काळं दिसतं तेवढंच धरलं. आपण शंभर वर्षांनी वजनदार आहे तेवढं धरलं. गंधकवायू दोन्ही वेळा सुटला.

स्मिथचं आम्ल परत आलं

दिल्लीच्या हिवाळ्यात धुकं इतकं दाट का होतं, हा प्रश्न शास्त्रज्ञांना बरीच वर्षं छळत होता. हवेत कण खूप आहेत हे खरं, पण नुसत्या कणांनी हिशेब पुरा होत नव्हता. २०२१ मध्ये आयआयटी मद्रासचे सचिन गुंठे आणि त्यांच्या भारतीय व परदेशी सहकाऱ्यांनी 'नेचर जिओसायन्स' मध्ये उत्तर मांडलं. दिल्लीच्या कणांमध्ये त्यांना क्लोराइड अनपेक्षितपणे जास्त सापडलं. ते येतं हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेतून. आणि ही वाफ, त्यांच्या अंदाजाप्रमाणे, प्लास्टिक असलेला कचरा जाळल्याने आणि काही उद्योगांमधून येते.

पुढचं रसायन बघा. हवेत अमोनिया भरपूर असतो, शेतातल्या युरियाचा आणि गुराढोरांचा. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनिया मिळून अमोनियम क्लोराइड होतं, म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर. हा क्षार ओल ओढून घेतो. पावसाळ्यात डब्यातलं मीठ कसं पाझरतं, तसा दमट हवेतला कण पाणी पिऊन फुगतो. कण फुगला की प्रकाश जास्त विखुरतो, समोरचं दिसेनासं होतं. दिल्लीत दृश्यमानता जितकी घटते, त्यातली सुमारे निम्मी घट या आम्लामुळे, असा या गटाचा अंदाज आहे.

१८६३ मध्ये ज्या वायूसाठी कायदा झाला, तोच वायू २०२१ मध्ये दिल्लीच्या धुक्यात सापडला. फरक एवढाच, की तेव्हा तो कारखान्याच्या धुराड्यातून यायचा. आता तो उकिरड्यावरूनही येतो. धुराड्याला निरीक्षक पाठवता येतो. संध्याकाळी गावाबाहेर कुणीतरी काडी लावलेल्या कॅरीबॅगांच्या ढिगाला कोण निरीक्षक? आणि हा ढीग फक्त दिल्लीत नाही. कुठल्याही तालुक्याच्या गावाच्या वेशीवर जाऊन बघा. आम्लाशी लढायला चुना आपल्या मातीत होता. जळणाऱ्या पीव्हीसीला मातीत तयार उतारा असेल, या भरवशावर राहता येणार नाही.

आपल्या शिवारातला हिशेब

कोळशाचं काय? भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र आपल्या ओळखीचं आहे. अशा केंद्रांत राख अडवायची यंत्रं असतात. गंधकवायू अडवायला वेगळी यंत्रणा लागते, आणि गंमत म्हणजे तिच्यातही बहुधा चुनखडीच वापरतात. ढगात जे काम धूळ करते, तेच धुराड्यात करून घ्यायचं. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने गंधकवायूची मर्यादा ठरवली. मुदत एकदा वाढली, दोनदा वाढली, वाढतच गेली. जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतांश केंद्रांना या यंत्रणेतून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी आहे आणि हवेत गंधकवायूचं प्रमाण मर्यादेत आहे, ही त्यामागची मुख्य कारणं. पण खेमाणींच्या बाटल्यांनी काय शिकवलं? वायू हवेत वायू म्हणून राहत नाही. तो सल्फेट होतो, बारीक कण होतो, वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातो. धुराड्याजवळ वायू मोजून तो 'मर्यादेत' म्हणायचा आणि लांबच्या गावात झालेला कण कुणाच्याच खात्यावर नाही, असा हा हिशेब.

दोंडाईचाजवळ विखरण-मेथीच्या शिवारात एक औष्णिक केंद्र येणार होतं. जमिनी घेतल्या गेल्या, पुढे तिथे सौर प्रकल्प ठरला. मोबदल्याच्या त्या लढ्याचा शेवट महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये धर्मा पाटलांच्या मृत्यूत पाहिला. धूर टळला म्हणून किंमत टळली, असं म्हणायची सोय त्या घटनेने ठेवली नाही. काळी माती आधी कापूस देते, मग उतारा देते, मग जागाही देते. मोजताना तिचा शेतकरी मात्र शेवटी येतो.

पावसाचं रसायन मोजणाऱ्या त्या दहा केंद्रांत खानदेश नाही. तापीचं खोरं कपाशीचं, केळीचं, वीज केंद्राचं, पण त्याच्या पावसाची वही नाही. ती सुरू करायला विमान लागत नाही. स्वच्छ बाटली, गाळणी, पीएच मीटर, आणि कॅल्शियम-सल्फेट मोजता येणारी कॉलेजची प्रयोगशाळा एवढं पुरतं. दोंडाईचा, शिरपूर, अमळनेर, चोपडा, सगळीकडे विज्ञान शाखेची कॉलेजं आहेत. मृगाच्या पहिल्या पावसापासून परतीच्या पावसापर्यंत प्रत्येक सरीचा नमुना घेतला आणि दहा वर्षं वही चालू ठेवली, तर खानदेशच्या आभाळात उतारा किती उरलाय, हे आपल्याला कुठल्याही ॲपपेक्षा नेमकं कळेल. वही बनवणाऱ्यांना डेटाबेस लागला, तर तेवढं काम मला जमतं.